वल्हांडणाचे जोडे

स्वारगेटच्या फलाटावर उल्काताई पेपरात तोंड खुपसून मिरजेच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर बॅग घेऊन निघालेली सून आणि तिला परत न्यायला आलेली सासू यांचं असं जुंपलं होतं, की पेपरातली एक ओळ पुढे सरकेना.

“सुवार्ता, उद्या गुड फ्रायडे. अशा दिवसांत कुणी घर सोडतं का?”

“याच दिवसांत सोडतात, आई.”

“शमुवेल रडतोय गं. पुन्हा हात उचलणार नाही म्हणतो.”

“नाताळातही हेच म्हणाले होते.”

“वल्हांडणाच्या रात्री मिसर देशात घरोघरी मरण धाडताना देवानं दाराला लावलेलं कोकराचं रक्त पाहिलं आणि ते घर ओलांडून गेला. आतली माणसं किती चांगली, विचारलं का त्यानं? येशू आपला वल्हांडणाचा कोकरा. त्याच्या रक्ताकडे बघून देव माफ करतो, आणि तू कोण मोठी लागून गेलीस?”

“मीही माफ केलंय त्यांना.”

“मग चल की घरी!”

“त्या रात्री ती माणसं जेवली कशी? संडेस्कूलला तुम्हीच शिकवता ना?”

“पायात जोडे घालून. हातात काठी घेऊन.”

“का?”

“मिसरातल्या गुलामीतून निघायचं होतं म्हणून.”

“मग सुटल्यावर फारो राजाची भांडी घासायला परत गेलं का कुणी?”

“माझ्या पोराला फारो म्हणतेस?”

“माफ केलं म्हणते. परत येणार नाही म्हणते.”

गाडी लागली. सासूबाईंनी उठून बॅगेला हात घातला. सुवार्तानं ती घट्ट धरून ठेवली.

“सोड. मी चढवते वर. तू आधी बुटाची लेस बांध.”