सहा ते सात मी प्रार्थनेला बसायची

माझं माहेर नेवाशाकडचं, नगर जिल्ह्यातलं. आज्ज्यानं बाप्तिस्मा घेतलेला, तवापासून आम्ही ख्रिस्ती. नाव शांता ठेवलं, पन गप बसनं कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. पायाला भिंगरी. आई म्हनायची, ही पोरगी आमेनच्या आधीच उठून पळती. लगीन झालं, अंधेरीला आले, मरोळच्या चाळीत. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात टर्नर. आठवडाभर लोखंड कापायचे अन् रविवारी संध्याकाळी आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यावर सुवार्ता, म्हंजे येशूची शिकवन, सांगायला जायचे, बसनं, खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र, म्हंजे बायबल, अन् खंजिरी.

आता आमच्या मंडळीत, म्हंजे चर्चमधी, एक रीत व्हती. कुनी सुवार्तेला गेलं की मागं घरी एकानं प्रार्थनेला बसायचं, तो तिकडं बोलत असंल तेवढा वेळ उठायचं नाही, दार उघडायचं नाही. पाळकसाहेब म्हनायचे, बोलनारा नुसतं तोंड हाय, बळ मागून येतं. मागून म्हंजे मी. हे सहाला उभे राहायचे, सातला संपवायचे, अन् सहा ते सात मी खोलीत चटईवर, डोक्यावर पदर, डोळे मिटून. काय सांगू तुम्हाला, डोळे मिटले की सगळी चाळ डोक्यात गोळा व्हायची. हे देवा, यांच्या जिभेवर तुझे शब्द ठेव, एवढं म्हनायचं अन् लगेच, डाळ भिजत घातली का, नळाला पानी आलं का, वरच्या बाईनं आपली चादर नेली का. परत पहिल्यापासून. सात वर्षं असं. अन् खोटं कशाला बोलू, राग बी यायचा. पाड्यावरची मानसं यांचे हात हातात घ्यायची, मला कोन वळखतं?

शेजारी गावडेवहिनी, मालवनच्या. त्यांनी टीव्ही घेतला. रविवारी संध्याकाळी सिनेमा, निम्मी चाळ त्यांच्या खोलीत. मधी नुसती पातळ भिंत, गानं लागलं की माझी प्रार्थना तिथंच ठप्प. एका रविवारी वहिनींनी भिंतीवर थाप मारली, शांताबाय, वायच ये गो, गाना बघून जा. म्हनलं, पाच मिनिटं. देव काय पाच मिनिटं सांभाळून घेनार नाही? गेले, अन् बसले ती बातम्या लागेपर्यंत.

हे आले, चपला न काढताच खाटेवर टेकले. म्हनले, शांता, आज वाचा बसली, उभा राहिलो अन् एक वचन आठवंना, लोकं उठून गेली, तू प्रार्थना केलीस ना? अन् मी म्हनले, केली की. झटक्यात तोंडातून गेलं बघा.

त्यावर यांनी काय म्हनावं? तू प्रार्थना केलीस अन् तरी शब्द आले नाहीत, म्हंजे देवानंच मला सोडलं, आता येत्या रविवारी सकाळी चर्चमधल्या भक्तीत उभा राहून सांगतो, पाड्यावर दुसऱ्या कुनाला पाठवा. झालं, वाट लागली माझी. तो आठवडा मला घास गोड लागला नाही. हे जेवायचे नाहीत, गुनगुनायचे नाहीत, नुसते भिंतीकडं बघत बसायचे. भाकरी थापताना मी ठरवायची, आता सांगते, अन् तव्यावर टाकेस्तोवर धीर जायचा. या मानसाला सुवार्तेशिवाय दुसरा जीव नव्हता अन् माझ्या एका गान्यापायी ती सुटत व्हती.

रविवारी भक्तीत साक्ष द्यायची, म्हंजे उठून आपला अनुभव सांगायची, वेळ आली, हे उठायला लागले, तशी बायकांच्या बाजूनं मी आधी उठले. म्हनले, देवानं यांना सोडलं नाही, मी सोडलं, मी त्या वक्ताला टीव्ही बघत व्हते अन् घरी खोटं बोलले. मागच्या बाकावरच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. हे उठले नाहीत, मान खाली घालून बसून राहिले.

बसस्टॉपवर हे म्हनले, सिनेमा कोनता व्हता? मला नावसुद्धा आठवंना, मी रडायलाच लागले. तसे म्हनले, सात वर्षं तुला एकटीला बसवतो, तुझ्यासाठी कोन बसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या संध्याकाळी निघायच्या आधी पिशवी खाली ठेवली, चटईवर माझ्या शेजारी गुडघे टेकले अन् म्हनले, देवा, हिचं मन एक तास जाग्यावर राहू दे. एवढंच. अन् पळाले बस पकडायला.

अजून जातात. कधी दहा मानसं ऐकतात, कधी दोन. माझं मन अजून बी पळतं, त्याला हाका मारून आनावं लागतं, पन आता राग येत नाही. निघायच्या आधी हे रोज न चुकता, म्हंजे दर रविवारी, माझ्यासाठी देवाकडं मागून जातात. आज बी मागून गेलेत. सहाला पाच कमी, पोचले असतील पाड्यावर. देव तुमचं भलं करो, उठा आता तुम्ही, मला बसू द्या.