तेलाच्या वाटीतला गाळ

नाही नाही, गोवर्धनजी, बोनेट बंद नका करू, आधी बघा तर खरं! साठ सालच्या स्पोर्ट्स कारला ट्रॅक्टरचा एअर क्लीनर कायले लावला म्हणता — कायले? कारण गाडी बनली विलायतेत अन् चालणार गोंदियात! तिचे ते दोन चपटे जाळीचे डबे दिसायला सुंदर, मान्य. पण आपल्याकडे दिवाळीनंतर अर्ध्या रस्त्यावर मळणीले धान पसरलेलं असते, वरून गाड्या जाऊन राहिल्या, धुरळा उडून राहिला — ती जाळी काय अडवणार? सगळं इंजिनात! मागच्या साली इंजिन त्यानंच बसलं ना? मीच उघडलं होतं. मग पुन्हा तेच करू?

हो, विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं काय? ‘ओरिजिनल पाहिजे, ओमेश, ओरिजिनल.’ गाडी काय आरतीले ठेवायची आहे? — नाही, रागावू नका जी. ‘माझ्या बाकीच्या चार गाड्या दुसरीकडे नेतो,’ हे तेवढं नका म्हणू. पुण्याची नोकरी सोडून हे शेड टाकलं. बाबा विचारतात, कोण येते रे तुझ्याकडे? मी तुमचंच नाव सांगतो. दुसरं नावच नाही सांगायले.

थांबा, पुरावाच देतो. ही क्लिप काढली — ही खालची तेलाची वाटी. हवा आधी या तेलावरून जाते, कचरा इथंच बसतो. मागच्या आठवड्यात नवं तेल भरलं, मधासारखं. आता बघा. बोट घाला, घाला ना! हा गाळ, हे तूस — हे सगळं इंजिनानं खाल्लं असतं. आता बोला!

बोला ना. काय म्हणता, गाडी तर शेडमध्येच उभी होती?

...हो. उभ्या गाडीत एवढा गाळ येत नाही.

चालवली. पार नवेगाव बांधपर्यंत, मुद्दाम धानाच्या रस्त्यानं. शेडमध्ये उभी ठेवून काय कळते? एकदाच — नाही, एकदाच नाही. बाबालेही नेलं. सारा रस्ता दार घट्ट धरून बसले, अन् उतरताना म्हणाले, ‘चांगली चालते रे.’ माझ्या कामाले ते पहिल्यांदा चांगलं म्हणाले जी! गाडी मीच घेतली, असं वाटलं त्यांना. गावभर सांगून आले. मी — मी काही बोललो नाही.

चावी? घ्या. जुने डबे आत्ता बसवून देतो, पाना कुठं गेला — नको? हाच राहू द्या? म्हणजे काम पटलं! पटलं ना, गोवर्धनजी? मग बाकीच्या गाड्या...

अच्छा. काम ठेवता, मले नाही ठेवत.

जा मग. जा ना, काऊन थांबले? शेड बंद करायचं आहे मले.