रिकाम्या हातानं

हसू नका, माह्या चालण्यापायी एक डाव अख्खं गाव धावलं होतं! कापूस बुडाला त्या सालांतली गोष्ट. मारेगावच्या डॉक्टरीणबाई म्हणे, "वजन लय वाढलं, शुगरही वाढली. अंगात आतून सूज हाये, नुसत्या गोळीनं नाही जात. रोज झपाझप चाला."

लोकं हसतीन म्हणून मी पहाटेच विहिरीच्या पांदणवाटेनं निघाली. हातात ना विळा, ना डबा. तवा असंच रिकाम्या हातानं निघालेले गावातले तिघं परतलेच नव्हते.

समोरून शेजारची शेवंता पळत आली, मले गच्च धरलं आन् बोंबलली. दहा-बारा जण धावले. "वयनी, काहून असं करून राह्यली? लेकरायचं काय?"

"अरे, मराले नाही, शुगर उतरवाले चालली!"

सारे शिव्या देत घरी गेले. शेवंतानं काही हात सोडला नाही.

मी म्हटलं, "तू विहिरीकडून कशी आली वं?"

तिच्याही हातात काहीच नव्हतं.

माही शुगर कवाच उतरली. पण मी अजून रोज तिले घेऊनच चालते.