बारा पावलांचा ठिपका

...अन् वरून मलेच विचारते लोकं, "चंद्रभानकाका, यंदा आपल्या कॉलेजचे पोट्टे फुटबॉलमध्ये एवढे काहून हरले?" आता काय सांगू, बाप्पा! सात मॅचा होत्या, सातही लायनीनं हरले. चहाच्या टपरीवर कोणीही येते अन् बोंबलते, हे दिवसभर मोबाइल पाहते, ह्यायले सकाळी जाग येत नाही, ह्यायच्या अंगात दमच नाही... अन् मी तिथं बशीत चहा ओतून, मान खाली घालून बसून राहतो. कारण तुमाले खरं सांगतो, पाय माहा आखडला, अन् शिव्या पोट्ट्यायनं खाल्ल्या!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. घाई नाही नं तुमाले? मले तं कधीच नसते. तीस वर्षं झाले, त्या ग्राउंडचं गवत कापतो, पाणी मारतो, अन् मॅचच्या आधी पांढऱ्या फक्कीनं लाइना टाकतो. मोजमाप सारं पायानं. गोलापासून बारा पावलं, तिथं पेनल्टीचा ठिपका. मधातून पस्तीस पावलं इकडं, पस्तीस तिकडं, झाली रुंदी! आमचे कोच, मधुसूदन सर, त्यायनं पाच वर्षांआधी मले टेप आणून देली होती, गोल डब्यातली, लांबलचक. "काका, आता याच्यानं मोजत जा." मी म्हटलं, हो सर. अन् नेऊन पेटीत ठेवली, माह्या घरवालीच्या, रुखमाबाईच्या लुगड्यायखाली. काहून ठेवली? ...ते सांगतो मंग. त्याचीच तं लाज हाय.

तं आमचा एक पोट्टा हाय, पियूष. खाप्याहून येते रोज एस्टीनं. पेनल्टी मारायचं काम त्याचं. सकाळी मी पाइप घेऊन उभा राहिलो की हा त्या ठिपक्यावर बॉल ठेवते अन् मारते, ठेवते अन् मारते, पन्नास डाव! असा वरच्या दांड्याच्या बोटभर खालून बॉल जाळीत जाये की मले आपोआप "वा रे पठ्ठ्या" निघे तोंडातून. अन् बाहेर मॅच खेळाले गेला की तोच बॉल दांड्याच्या वरून! एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा! तिसऱ्या वेळेस तं लोकं ओरडले, "अबे, फुटबॉल खेळून राहिला का कबूतर उडवून राहिला?" अन् आमचा रोहित, तो किनाऱ्यानं धावते नं बॉल घेऊन, तो म्हणे, "काका, दुसऱ्याच्या ग्राउंडावर धावा-धावा तं लाइनच येत नाही!" मी म्हटलं, "शेंगदाणे-गूळ खात जा." हे माहं ज्ञान!

सहाव्या मॅचले मीबी गेलो, पाण्याची कॅन घेऊन. मॅचच्या आधी सवयीनं गोलापासून पावलं टाकले. दहा, अकरा, बारा... ठिपका कुठी हाय? तेरा, चौदा, पंधरा! पंधराव्या पावलावर ठिपका! माहं डोकंच फिरलं, तुमाले सांगतो, तिथल्या माणसाले धरलं, म्हटलं, "का गा, डोळे हाय का बटनं? ठिपका तीन पावलं दूर टाकला तू!"

तो बिचारा गरीब माणूस, हळूच म्हणे, "काका, टेपनं मोजला हाय जी."

अन् मी खाली पाहिलं. माह्या पायाकडं. दोन वर्षं झाले, गुडघा वाकत नाही. दुखते म्हणून पाऊल जरासं जवळच पडते... जरासं, जरासं, अन् तेवढं तेवढं माहं ग्राउंड अरुंद होऊन राहिलं, ठिपका गोलाकडं सरकून राहिला, अन् तीस वर्षं घासलेला माणूस म्हणून कोणी विचारलं नाही! त्याच मॅचमध्ये पियूषनं तिसरी पेनल्टी वरून मारली. संपल्यावर बूट काढून बसला माह्या बाजूले. म्हणे, "काका, बस झालं. पप्पा म्हणते वाडीच्या गोदामात काम हाय, लाग. आपल्याच्यानं नाही होत हे."

अन् मी काय केलं? पाणी देलं त्याले. बस, पाणी! पाय माहा आखडला, अन् बूट त्यानं काढले!

घरी रुखमाबाई म्हणे, "दोन दिवसांपासून भाकर चिवडून राहिले, झालं काय?" सांगतलं. ते भाकरी थापता थापता थांबली. "मंग सांगा नं जाऊन सरायले! तुमची लाज मोठी का त्या लेकराचं जगणं?"

गेलो. सर डब्बा खात होते. म्हटलं, "सर, गुन्हा झाला."

"काय चोरलं का काका?"

"हो सर. ग्राउंड. दोन्ही बाजूनं."

घास हातातच राहिला त्यायच्या. मंग सांगतलं सारं. ते म्हणे, "पण टेप देली होती नं मी?" आता आली नं गोष्ट तिथंच! म्हटलं, "सर, मोजता येते मले, तोंडानं, शंभरपर्यंत. पण त्याच्यावरचे आकडे... मले वाचता नाही येत." तीस वर्षांत हे वाक्य कोणाले बोललो नव्हतो. वाटलं, आता सर रागवन. रागवले असते तं बरं झालं असतं हो! त्यायनं फक्त पियूषले बोलावलं.

पेटीतली टेप काढली, पोट्ट्यानं मोजलं. ठिपका अकरा मीटरवर पाहिजे, तो नऊवर! ग्राउंड बारा मीटर अरुंद! मी हात जोडले. तो म्हणे, "हात काहून जोडता काका, दुसरं टोक धरा." अन् त्यानं मले सुतळीची दोरी करून देली, ठिपक्याची एक गाठ, किनाऱ्याची एक गाठ. वाचायचं कामच नाही! मंग पाच दिवस नव्या ठिपक्यावरून मारत बसला, निंबाकडल्या गोलात. मले वाटे, लेकरा, एक थापड मार मले, पण एवढा चांगला नको वागू!

शेवटची मॅच आपल्याच ग्राउंडावर. चार-शून्यानं मागं, ते जाऊ द्या, रुंदी नवीन होती, पोट्टे आपल्याच घरी पाहुण्यावानी फिरून राहिले होते. अन् शेवटी भेटली पेनल्टी! सडकेकडल्या गोलावर. पियूषनं बॉल ठेवला. मी डोळे मिटले.

ठण्ण!

वरच्या दांड्याले लागून बॉल वापस. अन् सारं ग्राउंड, खेळणारे, पाहणारे, सर, सारे वळून माह्याकडं पाहून राहिले! मी दोरी वर करून दाखवली, म्हटलं, "ठिपका बरोबर हाय हो!" पियूष तं पोट धरून हासला, या वर्षी पहिल्यांदा. जवळ येऊन म्हणे, "काका, यावेळेस वरून तं नाही गेला! पप्पाले सांगतो, गोदाम कुठं पळून नाही जात. पुढच्या वर्षी पाहू."

छातीवरचा दगड उतरला, तुमाले सांगतो. तेवढ्यात मधुसूदन सर टेप घेऊन गोलाखाली उभे. "काका, हा दांडा वीतभर खाली काहून हाय?"

...आता काय हाय नं, पाहुणे येणार म्हणून मागच्या हप्त्यात गोलाले रंग देला. सडकेकडला हलत होता. तं म्हटलं पोट्ट्यायच्या अंगावर पडन-बिडन, जरासा खोल गाडू...

यावेळेस पायाचं नाव नाही घेतलं मी. हात माहा होता.