एकोणीस इंच

ड्रायव्हर : बस म्हणालेलो नाही मी अजून.

फिटर : उभ्यानेच सांगतो, दादा. तुमच्या इंजिनाचे सिलिंडर अठरा इंची नव्हते.

ड्रायव्हर : सत्तावीस वर्षांनी दार वाजवलंस ते हे सांगायला? मला वाटलं, कोणीतरी पत्ता चुकला. इथे कोणी आलंच तर चुकूनच येतं.

फिटर : डाव्या सिलिंडरला आतून चर पडला होता. तो जाईपर्यंत कापत गेलो. परवानगी होती जेमतेम सूतभर कापायची, पण चर काही संपेना. एकोणीसला संपला. मग जोडीचा उजवाही एकोणीसच करावा लागला, नाहीतर इंजिन लंगडलं असतं.

ड्रायव्हर : आणि कारखान्यातल्या मापांच्या वहीत?

फिटर : वहीत अठराच लिहिलं.

ड्रायव्हर : म्हणून सुटताना असं ओढायचं होय! बारा भरलेले डबे एका दमात. आणि मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो, आपल्या फिटरने बघा काय हात फिरवलाय.

फिटर : ओढणारच ना. पिस्टन मोठा झाला, वाफेला रेटा द्यायला जागा जास्त. पण मग प्रत्येक फेरीला वाफही जास्त लागते. जिथे नऊ घोट पुरायचे तिथे दहा. बॉयलर आपला होता तेवढाच, तो बिचारा...

ड्रायव्हर : मला नको शिकवूस. खाणारं तोंड वाढलं आणि चूल तेवढीच.

फिटर : सपाटीला निभावलं. चढावर नाही निभावलं.

ड्रायव्हर : वाफेचा काटा खाली खाली यायला लागला. फायरमन कोळसा मारून मारून रडकुंडीला आला होता. मी त्यालाच शिव्या घातल्या, झोपतोस का म्हणालो. अर्ध्या चढावर गाडी उभी, दोन तास. मला एवढंच सांग. माप ठाऊक असतं, तर चढली असती?

फिटर : चढली असती. लिव्हर दोन खाचा मधल्या बाजूला घेतला असता, तर सिलिंडरात जाणारी वाफ लवकर बंद झाली असती. आत गेली तेवढी फुगून ढकलत राहिली असती. तुमच्या हातून आरामात चढली असती, दादा.

ड्रायव्हर : आणि मी अठराच्या हिशोबाने हाकत बसलो.

फिटर : चौकशीत साहेबांनी मला माप विचारलं. मी वहीवर बोट ठेवलं. नोकरी गेली असती माझी.

ड्रायव्हर : माझी कुठे गेली? अकरा वर्षं यार्डात रिकामे डबे पुढे-मागे केले. साहेब म्हणाले, याचा हात गेला. ऐकून ऐकून मलाही तेच पटलं. मुलाने मोटार घेतली, चालवा म्हणाला. मी किल्लीला हात लावला नाही. आता तो बोलावतही नाही.

फिटर : कितीदा ठरवलं, यायचं म्हणून. चौकापर्यंत येऊन परत गेलोय.

ड्रायव्हर : मग आज काय झालं?

फिटर : बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. दिवसभर तो चरच दिसत राहतो.

ड्रायव्हर : म्हणजे ओझं माझ्या दारात टाकायला आलास.

फिटर : हो. वहिनी आत असतील ना? त्यांनाही सांगतो, मग जातो.

ड्रायव्हर : दोन वर्षं झाली तिला जाऊन.

फिटर : मला कळलंच नाही, दादा.

ड्रायव्हर : ती म्हणायची, खोट इंजिनात आहे, तुमच्या हातात नाही. एकदा खेकसलो तिच्यावर, तुला काय कळतं सिलिंडरातलं. मग तिने तो विषयच सोडला.

फिटर : येतो मी.

(ड्रायव्हर भिंतीकडची खुर्ची ओढत आणून आतल्या खोलीच्या दाराशी ठेवतो.)

ड्रायव्हर : बस इथे. पहिल्यापासून सांग सगळं परत. आत ऐकू जाईल असं सांग.