माणसं म्हणे चारच प्रकारची

…आणि वर मालक मलाच म्हणतात, "बाई, तुम्ही तर शांत स्वभावाच्या, मग चिडता कशाला?" आता मी शांत आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बावन्न वर्षांत कुणी बोललंच नाही! गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी कागद बघून सांगितलं. कारण माणसं म्हणे चारच प्रकारची असतात. लाल, पिवळी, हिरवी, निळी. संपलं.

तुम्हाला सांगते, आमचा गणवेश शिवायचा कारखाना. आमच्या सुपरवायझरबाई निवृत्त झाल्या त्याला वर्ष झालं, आणि तेव्हापासून त्यांचं काम कोण करतं? मी. बाही उलटी लागली, मला हाक. दोघींची जुंपली, मला हाक. खुर्ची तेवढी रिकामी! ती माझी व्हावी असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू… पण मालकांनी सरळ द्यावी? छे! स्वभावाचे तज्ज्ञ बोलावले.

आले साहेब. अंगात कोट, कोटाची उजवी बाही लोंबतेय, माझी आपली नजर तिथेच. म्हणाले, "माणसामाणसांत फरक असतो." हे सांगायला माणूस बाहेरून आणावा लागतो? माझ्या गळ्यातल्या टेपला विचारलं असतंत! मग प्रत्येकाला साठ प्रश्नांचा कागद दिला, घरून भरून आणा, जवळच्या माणसांना विचारलंत तरी चालेल. तिथेच घात झाला.

पहिलाच प्रश्न, तुम्ही मनातलं बोलून दाखवता का? नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "थांबतेस कधी?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर तर तोंड उघडत नाही, मनात काय शिजतं देव जाणे." लेक म्हणाली, "आई बोलत नाही गं आजी, आई भांडी आपटते." आता मी खूण कुठे करायची? नवऱ्याला दिसते ती एक बाई, सासूबाईंना दिसते ती दुसरी, लेकीला तिसरी, आणि त्या तिघींना मिळून कागदावर चौकोन एक! माप जुळेना की मधला साईज धरायचा ही आमची जुनी सवय… मी धरला मधला. 'कधी कधी'. साठच्या साठ प्रश्नांना, 'कधी कधी'!

साहेब म्हणाले, "तुम्ही निळ्या. शांत, मागे राहून काम करणाऱ्या. माणसं हाताळणं तुम्हाला झेपायचं नाही." वर म्हणाले, शिवणवाल्या सरासरीनं निळ्याच निघतात, कटिंगवाले सरासरीनं लाल, धडाडीचे. मी म्हटलं, साहेब, सरासरी आम्हीही काढून पाहिली आहे, चाळीस रखवालदारांच्या मापांची सरासरी काढली आणि चाळीस शर्ट शिवले, एकालाही धड बसला नाही, सगळे उसवून पुन्हा शिवले, मीच शिवले. तर ते हसून म्हणतात, "बघा, किती शांतपणे सांगितलंत."

खुर्ची मिळाली कटिंग मास्तरांना. लाल ना ते! गिऱ्हाईकाचा फोन वाजला की आमचे धडाडीचे मास्तर कापडाच्या गठ्ठ्यांमागे. मग फोन कोण घेतं? निळी. शिव्या कोण खातं? निळी. आणि सही? सही लाल करतात. माणसं म्हणे चारच प्रकारची असतात, मला तर दोनच दिसतात… जाऊ दे.

काल साहेब पुन्हा आले. मला वाटलं, कागद चुकला हे सांगायला आले. कसलं काय! कोट हातात. "बाई, जरा बघता का? तयार घेतला, पण कुठलाच साईज बसत नाही हो. लहान घ्यावा तर पोटावर अडतो, मोठा घ्यावा तर बाह्या लोंबतात." मी टेप लावली. उजवा खांदा पाऊण इंच खाली. त्यांना आरशासमोर उभं केलं आणि बाहीला टाचण्या लावायला घेतल्या, तर साहेब भलतेच तापले. म्हणाले, "अहो, प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. दुकानात चारच साईज ठेवतात, चार! एवढ्या माणसांना चार साईज पुरतील कसे? अक्कल नको?"

तुम्हाला सांगते, जिभेवर आलं होतं हो… अगदी जिभेवर. पण दातांत सहा टाचण्या धरलेल्या.

साहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "बघा. निळ्या."