सगळं पुसायला तीन तास

ओश शहराच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सायरागुल मुलीचा लॅपटॉप घेऊन थांबली होती. तिच्या पुढे एक जोडपं जुना कॉम्प्युटर विकण्याआधी साफ करायला आलं होतं. त्यांचा घटस्फोट झालाय, हे दोन मिनिटांत सगळ्या दुकानाला कळलं.

“फोटो, पत्रं, सगळं डिलीट केलंय मी.”

“तू म्हणतेस.”

“म्हणून तर आलायस ना सोबत?”

“नुसतं डिलीट करून भागत नाही, ताई,” दुकानदार म्हणाला. “विकत घेणारा ते परत काढू शकतो. पूर्ण डिस्कवर नव्यानं काहीबाही लिहावं लागतं. तीन तास लागतील.”

“तीन तास? ह्याच्याबरोबर?”

“तू जा. मी थांबतो.”

“आणि माझी पत्रं वाचत बसशील. मीही थांबते.”

“काही ठेवायचंय का?” दुकानदारानं दोघांना विचारलं.

“नाही.”

“काही नाही.”

“मग हे बटण दाबा. दाबलं की परत काही मिळायचं नाही.”

“तू दाब, तोक्तोसुन.”

“मी नाही. उद्या म्हणशील, ह्यानंच पुसलं.”

“भांडायचं त्राण कुणात उरलंय?”

तरी दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी ती बाई सायरागुलकडे वळली.

“ताई, तुम्ही दाबता?”

सायरागुलनं बटण दाबलं. ते दोघं बाकाच्या दोन टोकांना जाऊन बसले; बाईनं आपली पिशवी मध्ये ठेवली. बऱ्याच वेळानं तो उठला.

“सामसा आणतो. सकाळपासून खाल्लं नसशील.”

“नाही खाल्लं.”

“भोपळ्याचं सारण भरलेलाच आणतो.”

तो गेल्यावर तिनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.